जिन्याखालचा सर्व्हर

संपादकांना हवा आहे वैद्यकीय प्रतिमांच्या साठवणुकीचा आढावा. रीतसर लिहायचं तर राँटगेनपासून सुरुवात करायला हवी, पण तेवढा धीर या वयात नाही. उमेदीची वर्षं डार्करूममधल्या हायपोच्या वासात गेली, एवढं सांगून पुढे जातो. तेव्हा फिल्म पेशंटबरोबर घरी जायची आणि माळ्यावर उंदरांच्या हवाली व्हायची.

मधला इतिहास उरकून घेऊ. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांची आणि यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना १९८३ मध्ये एकत्र बसल्या, १९८५ मध्ये पहिलं मानक आलं आणि १९९३ मध्ये त्याचं डायकॉम झालं. समित्यांची कथा रटाळ आहे. एका कंपनीचं सीटी दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी बोलू लागलं, हे महत्त्वाचं.

तालुक्याच्या गावात मात्र सीआर, म्हणजे एक्स-रे संगणकावर उतरवणारं यंत्र, आलं तरी फिल्म छापणं सुटलं नाही. पॅक्सचं, म्हणजे प्रतिमा साठवून दाखवणाऱ्या यंत्रणेचं, कोटेशन मागवलं, की वाचून ते टेबलावर पालथं ठेवायचं, अशी आम्हा मंडळींची रीत होती. आणि मग मला ऑर्थँक भेटला. त्याच्याविषयी मी जरा जास्तच बोलतो, अशी घरच्यांचीही तक्रार आहे.

बेल्जियममध्ये लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात सेबास्तियन जोदोन्य यांनी हा छोटा डायकॉम सर्व्हर लिहिला आणि २०१२ मध्ये मुक्त स्रोत म्हणून सर्वांना खुला केला. पुढे २०१४ सालचा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कारही त्यांना मिळाला. टोलकीनच्या कथेत ऑर्थँक नावाच्या मनोऱ्यात दूरचं दाखवणारा गोळा असतो. नाव तिथूनच घेतलेलं. या सर्व्हरसाठी वेगळा डेटाबेसही बसवावा लागत नाही, नोंदी एसक्यूलाइटमध्ये राहतात. मी तो रिसेप्शनवरून काढून टाकलेल्या संगणकात टाकला, यूपीएस जोडला आणि जिन्याखाली ठेवला. सीआरमध्ये सर्व्हरचा आयपी, पोर्ट आणि एई टायटल, म्हणजे त्याचं डायकॉममधलं नाव, भरलं आणि पहिला छातीचा एक्स-रे ब्राउझरमध्ये उघडला, तेव्हा टेक्निशियनने चहा मागवला.

जागेचा हिशेब करून पाहा. एक्स-रे दहा एमबीचा धरा, दिवसाला तीस. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी नव्वद जीबी. म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये दहा-अकरा वर्षं बसतात. सीटीचा एक काप अर्ध्या एमबीचा, पण कापच शेकड्यांनी, तिथे डिस्क मोठी लागेल. पण ज्यांच्याकडे सीटीच नाही, त्यांनी पॅक्सवाल्यांना दर स्टडीमागे भाडं कशासाठी द्यायचं?

'फुकटच्या सॉफ्टवेअरला जबाबदार कोण?' असं काही विद्वान परिषदांमध्ये विचारतात. एका रुग्णालयाने करार मोडला तेव्हा त्यांच्याच प्रतिमा परत द्यायला विक्रेत्याने वेगळं बिल लावलं. त्याला जबाबदार कोण, हे त्याच विद्वानांनी सांगावं. सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे पडलेले पॅक्स सर्व्हर जगभर शोधून दाखवले, त्यात भारतातलेही होते. दार सताड उघडं टाकलं तर कुलूप महागाचं होतं की स्वस्तातलं, याला काय अर्थ? सर्व्हर रुग्णालयाच्या लॅनमध्येच ठेवा, बाहेर पाठवायचं तर व्हीपीएन घ्या. आणि बॅकअपची डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा. मी ती सर्व्हरच्याच डब्यात ठेवली होती. एका वळवाच्या पावसात वीज कोसळली आणि दोन्ही डिस्क एकदमच गेल्या.

आजची अधोगती म्हणाल तर व्हॉट्सॲप. हजारो छटा असलेली प्रतिमा ट्यूबलाइटसमोर धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि पाठवून 'ओपिनियन प्लीज' म्हणायचं. त्या फोटोत फुप्फुसासाठी वेगळी विंडो, हाडासाठी वेगळी विंडो लावायची सोय उरत नाही. पूर्वी एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचो, त्यात निदान मूळ फिल्म तरी असायची.

मागच्या वर्षी एक शेतकरी आला. उजव्या फुप्फुसात बारीक गाठ. मुलाने पुण्याला सीटीला न्यायची गाडी ठरवून ठेवलेली. सर्व्हरवर नाव शोधलं, सहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे निघाला. तीच गाठ, त्याच जागी, तेवढीच. शेजारी शेजारी लावून दोघांना दाखवलं आणि गाडी रद्द करायला सांगितली.

उठताना म्हातारा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मग घरच्या जुन्या फिल्मा आता टाकू का?"

मी म्हटलं, "राहू द्या."