तान्हें मूल आणि फ्लॉरेन्स शहर

हुडकेश्वर हें एके काळीं नागपूरच्या वेशीबाहेरचें खेडें होतें; आज तें शहरांत मिसळून गेलें आहे. तेथील एकाद्या घरांत असा प्रसंग सहज उद्भवतो. मुलाला कामानिमित्त पंधरा दिवस इटलींतील फ्लॉरेन्स येथें जावयाचें आहे, चित्रकला शिकलेल्या सुनेला बरोबर जाण्याची उत्कट इच्छा आहे, आणि पाळण्यांत सात महिन्यांचें बाळ आहे. "लेकराला तिथें काय समजणार? मोठें झालें कीं न्या," असें सासूबाई म्हणतात. "आई, तें मोठें होईपर्यंत मीं घरींच बसायचें का?" हें वाक्य सुनेच्या ओठांवर येतें, पण ती बोलत नाहीं.

हा वाद क्षुल्लक नव्हे. एका बाजूस तान्ह्या जिवाची काळजी आहे. दुसऱ्या बाजूस, आई झाल्याबरोबर स्त्रीनें जग पाहणें थांबवावें कीं काय, हा प्रश्न आहे. त्याचा निर्णय केवळ भीतीनें किंवा केवळ हौसेनें न करतां माहितीनें करणें बरें.

प्रश्न मराठी घरांना नवाहि नाहीं. १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हां त्यांची कन्या मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. तो प्रवास आगबोटीचा, कित्येक दिवसांचा होता. आजचा प्रवास तासांचा आहे. मात्र त्याची तयारी आधीं करावी लागते. बाळ कितीहि लहान असलें तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट व व्हिसा लागतो. सहा वर्षांखालील मुलांस इटलीच्या अल्प मुदतीच्या व्हिसाचें शुल्क मात्र पडत नाहीं. लसींचा विचार याहून महत्त्वाचा आहे. गोवराची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. गोवराच्या साथी युरोपांतहि येतात. म्हणून त्यापूर्वीं निघावयाचें असल्यास लस लौकर द्यावी काय, हें बालरोगतज्ज्ञास निघण्याच्या पुष्कळ आधीं विचारावें.

विमान खालीं उतरूं लागलें कीं बाळ रडतें, त्याचें कारण हट्ट नव्हे. विमानांतील हवेचा दाब वाढूं लागतो आणि कानाच्या पडद्याच्या आंतील व बाहेरील दाब सारखा राहत नाहीं. मोठीं माणसें आवंढा गिळतात; बाळाला तें सुचत नाहीं. त्या वेळीं त्याला अंगावर पाजलें तर गिळण्याच्या क्रियेनें कान मोकळे होतात. लांबच्या विमानांत पुढच्या भिंतीस टांगावयाचा पाळणा मिळूं शकतो, पण तो थोडे असल्यामुळें आधींच मागून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण घड्याळाची. नागपुरास सकाळचे सहा वाजतात तेव्हां फ्लॉरेन्समध्यें उन्हाळ्यांत पहाटेचे अडीच व हिवाळ्यांत रात्रीचा दीड वाजलेला असतो. बाळाचें शरीर पहिले कांहीं दिवस नागपूरच्याच वेळेनें चालतें, आणि तें मध्यरात्रीं हसतखेळत जागें होतें. यावर उपाय सूर्यप्रकाशाचा: दुपारीं त्याला उजेडांत फिरवावें, रात्रीं खोली अंधारी व शांत ठेवावी, म्हणजे थोड्या दिवसांत झोप जागेवर येते. या जागरणाचा एक लाभहि आहे. ज्या चौकांत दहा वाजतां पाय ठेवावयास जागा नसते, तो सिन्योरीयाचा चौक पहाटे उजाडतांना जवळजवळ रिकामा असतो. बाळामुळें लौकर उठलेल्या आईला तो जसा दिसतो, तसा उशिरा उठणाऱ्या प्रवाशांस कधींच दिसत नाहीं.

शहर जुनें आहे, म्हणजे तें बाबागाडीसाठीं बांधलेलें नाहीं. गल्ल्या दगडी फरशांच्या, पदपथ हातभर रुंदीचे. गाडीपेक्षां छातीशीं बांधावयाची झोळी येथें अधिक उपयोगी पडते. मात्र बाळाचें तोंड उघडें, मान सांवरलेली व पाय फांकलेले असावेत. १४३६ सालीं पूर्ण झालेल्या मोठ्या चर्चच्या घुमटावर जावयास ४६३ पायऱ्या आहेत व पाळणायंत्र नाहीं. बाळाला घेऊन त्या अरुंद जिन्यांत शिरूं नये. नवराबायकोनें आळीपाळीनें जावें. उफ्फिझी या चित्रसंग्रहालयांत मात्र वर नेणारें यंत्र आहे. जुलै-ऑगस्टांत तेथेंहि पारा पस्तीस अंशांवर चढतो. नागपूरच्या मे महिन्यापुढें तें कांहींच नव्हे असें वाटेल, पण दिवसभर दगडी रस्त्यांवर फिरणाऱ्या बाळास तेंहि सोसत नाहीं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे.

खाण्याची चिंता सासूबाईंना सर्वांत अधिक असते, आणि तीच सर्वांत लौकर मिटते. आपण जसा मऊ भात वरणाच्या पाण्यांत कालवून भरवितों, तसे इटालियन आया बाळाला ताऱ्यांच्या आकाराचे इवलेसे शेवयांचे तुकडे भाज्यांच्या पाण्यांत शिजवून भरवितात. नळाचें पाणी पिण्यास योग्य असतें. बाळासाठीं तें उकळून घ्यावें एवढेंच.

परंतु तान्ह्या मुलाच्या आईनें फ्लॉरेन्स पाहण्याचें खरें कारण निराळें आहे. या शहरानें तान्ह्या मुलांचा विचार फार पूर्वीं केला. चौदाव्या शतकांतील बखरकार विल्लानी सांगतो कीं, शहरांतील बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक मुलासाठीं धर्मगुरु एक काळा दाणा व मुलीसाठीं पांढरा दाणा टाकीत असे, आणि वर्षाकाठीं साडेपांच ते सहा हजार दाणे जमत. पुढें १४१९ सालीं रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघानें, त्याच घुमटाचा शिल्पकार ब्रुनेलेस्की याच्याकडून, टाकून दिलेल्या मुलांसाठीं एक आश्रम बांधावयास घेतला. ५ फेब्रुवारी १४४५ रोजीं तेथें पहिली मुलगी दाखल झाली. आश्रमाच्या दर्शनी कमानींवर निळ्या पार्श्वभूमीवर पांढरीं, पट्ट्यांत गुंडाळलेलीं बाळें आहेत; आंद्रेआ देल्ला रोब्बियानें तीं भाजलेल्या मातींत सुमारें १४८७ सालीं घडविलीं. आंत संग्रहालय आहे. तेथें अर्धीं तोडलेलीं नाणीं व पदकें ठेवलेलीं आहेत. मूल सोडून जाणारी आई अर्धा तुकडा त्याच्यापाशीं ठेवी आणि अर्धा आपल्याजवळ. कधीं दिवस पालटले तर ओळख पटावी म्हणून. पुष्कळ अर्धे तुकडे जुळलेच नाहींत.

या नगरींत एक मराठी खूणहि आहे. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, ऐन विशींत, येथें निवर्तले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधि हिंदु रीतीनें झाला. तेथें छत्रीखालीं त्यांचा अर्धपुतळा १८७४ सालीं उभा राहिला, आणि शेजारच्या पुलाला आज लोक 'हिंदी माणसाचा पूल' या अर्थाच्या नांवानें ओळखतात. काशीनच्या त्या उद्यानाचे रस्ते सपाट आहेत. बाबागाडी हाकावयास सबंध शहरांत याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

तेव्हां सासूबाईंचें म्हणणें अर्धें खरें आहे. बाळाला कांहीं समजणार नाहीं, कांहीं आठवणारहि नाहीं. बाळ आजारी असेल, वैद्य नको म्हणत असेल, तर बेत रहित करणें हेंच शहाणपण. पण वैद्यानें संमति दिली असेल, दिवसाकाठीं एकच स्थळ पाहावयाचा निश्चय असेल, तर जाण्यास अडथळा नाहीं. त्या निळ्या चक्रांखालीं झोळींतलें मूल उराशीं घेऊन उभ्या राहिलेल्या आईला त्या अर्ध्या नाण्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाहीं. आणि परत आल्यावर, हुडकेश्वरच्या ओटीवर ती हकीकत ऐकावयास पहिल्या बसतील त्या बहुधा सासूबाईच.