देश नसलेला मल्ल

रिओ ऑलिंपिकमध्ये १० ऑगस्ट २०१६ रोजी गुरदासपूरचा अवतारसिंग ज्युदोच्या ९० किलो वजनी गटात पहिल्याच फेरीत हरला. भारताचा तो एकमेव ज्युदोपटू होता. बातमी चार ओळींची आली आणि गेली. त्याला हरवणारा कोण, हे विचारायला फारसे कुणी थांबले नाही. मी तर तेव्हा चौथीत होतो. यंदा जिमखान्याच्या सरांनी ती लढत मोबाईलवर दाखवली, तेव्हा जिंकणाऱ्याच्या नावापुढे देशाचे नावच नव्हते, हे माझ्या प्रथम लक्षात आले.

त्याचे नाव पोपोले मिसेंगा. जन्म १९९२ चा, काँगोमधील बुकावूचा. निर्वासित म्हटले की आपल्याला फाळणी आठवते, उल्हासनगरची छावणी आठवते. पण काँगोचे युद्ध आपल्या वर्तमानपत्रांतून क्वचितच येते. त्या युद्धात नऊ वर्षांचा पोपोले घरच्यांपासून तुटला. आठ दिवस तो रानात लपून राहिला. पुढे त्याला राजधानी किन्शासा येथे नेण्यात आले आणि तेथे अनाथ, बेघर मुलांत तो ज्युदो शिकला.

ज्युदो आपल्या कुस्तीचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. लंगोटाऐवजी जाड सुती अंगरखा, आणि पकड त्या अंगरख्याची. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने आणि ताबा ठेवून पाठीवर आदळले की ‘इप्पॉन’, म्हणजे आपल्या भाषेत चितपट. लढत तेथेच संपते. जमिनीवर दाबून धरूनही इप्पॉन मिळतो. गंमत अशी, की नवख्याला पहिला धडा पाडण्याचा नसून पडण्याचा असतो. हात कसा आपटावा, मान कशी वाचवावी, हेच आठवडेच्या आठवडे चालते. मी दोन महिने केले आहे. अंग अजून सांगते.

पोपोले आपल्या देशातर्फे खेळू लागला, पण तेथे खेळाडूचे हाल कुत्रा खात नव्हता. हरला तर कोंडून ठेवायचे, अन्न तोडायचे, अशी प्रशिक्षकांची रीत असल्याचे त्याने पुढे सांगितले. २०१३ साली जागतिक स्पर्धेसाठी संघ रिओला आला, तेव्हा पारपत्रे आणि जेवणाचे पैसेही प्रशिक्षकांनी आपल्यापाशी ठेवले होते. संघातील योलांद माबिका ही मुलगी उपाशीपोटी बाहेर पडली, तिला आफ्रिकी वस्ती सापडली, आणि मग तिने पोपोलेलाही तेथे नेले. दोघांनी ब्राझीलचा आश्रय मागितला. भाषा येत नव्हती. मिळेल ते काम करून ते गरीब वस्तीत राहिले. पुढे ऑलिंपिक पदकविजेता फ्लाव्हिओ कांतो याने काढलेल्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. तेथील गुरू जेराल्दो बर्नार्देस. रिओतच सुवर्णपदक मिळवणारी, गरीब वस्तीतून आलेली रफाएला सिल्वा हीदेखील त्यांचीच शिष्या.

पण गुरू मिळाला, आखाडा मिळाला, म्हणून ऑलिंपिकची वाट मोकळी होत नाही. ही गोष्ट मला नीट समजून घ्यावी लागली. या स्पर्धेत खेळाडू आपला आपण जात नाही. त्याच्या देशाची ऑलिंपिक समिती त्याला पाठवते. पाठवणारा देशच नसेल तर अंगात कितीही बळ असो, नाव यादीत येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि प्रवेशाच्या वेळी एका दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे वडिलांनी व मी पाहिले आहे. तरी आमचे गाव निदान नकाशावर होते. खाशाबा जाधवांचेच पाहा. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांजवळ पैसा नव्हता, पण गोळेश्वर होते, कोल्हापूर होते. पोपोलेच्या मागे असे कोणते गाव?

ही अडचण ऑक्टोबर २०१५ मध्ये थोडी सुटली. देश सुटलेल्या खेळाडूंनाही रिओत उतरता येईल, असे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जाहीर केले. त्रेचाळीस नावे विचारात घेतली गेली, दहा जणांची निवड झाली. पाच वर्तुळांचा ध्वज हाच त्यांचा ध्वज. त्या दहांत पोपोले आणि योलांद दोघेही होते.

योलांद पहिल्या फेरीत मिनिटाभरातच हरली. पोपोलेने थोड्या गुणांच्या फरकाने अवतारसिंगला हरवले, आणि प्रेक्षागृहात ब्राझीलची माणसे त्याचे नाव घेऊन ओरडत होती. पुढची जोड मात्र विश्वविजेत्या ग्वाक डोंग-हान या कोरियन मल्लाशी. पाच मिनिटांच्या लढतीत तो बराच वेळ टिकला आणि अखेर हरला. लढत पाहताना मी प्रथम अर्थातच अवतारसिंगच्या बाजूने होतो. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा कुणाच्या बाजूने होतो, ते सांगता यायचे नाही.

टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ साली, पोपोले पुन्हा उतरला आणि पहिल्याच लढतीत बाद झाला. त्या वेळी निर्वासितांचा संघ एकोणतीस जणांचा होता. या संघाला पहिले पदक मिळायला २०२४ चे पॅरिस उजाडावे लागले. कॅमेरूनमध्ये जन्मलेली सिंडी न्गाम्बा लहानपणापासून इंग्लंडात वाढली, पण नागरिकत्व नसल्यामुळे तिला ब्रिटनतर्फे खेळता येत नव्हते. मुष्टियुद्धात तिने कांस्यपदक मिळवले.