मल्हारगड

मल्हारगड हा महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात असलेला एक लहान गिरिदुर्ग आहे. पायथ्याच्या सोनोरी गावावरून त्याला सोनोरीचा किल्ला असेही म्हणतात. इ.स. १७५७ ते १७६० या काळात त्याची उभारणी झाली. मराठ्यांनी सह्याद्रीत बांधलेल्या किल्ल्यांपैकी तो शेवटचा मानला जातो. आज गडावरील बहुतेक इमारती पडलेल्या आहेत. मात्र तटबंदी, बुरूज, दरवाजा व मंदिरे यांवरून गडाची मूळ रचना समजून घेता येते.

स्थान

पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या भुलेश्वर रांगेवर हा गड आहे. सिंहगड, पुरंदर व वज्रगड हे किल्लेही याच डोंगररांगेच्या परिसरात येतात. समुद्रसपाटीपासून मल्हारगडाची उंची सुमारे ९६५ मीटर आहे. पुण्याहून सासवडकडे जाणारा रस्ता दिवे घाट चढून कऱ्हेच्या खोऱ्यात येतो. या घाटावर व खोऱ्यावर नजर ठेवता यावी, हा गडाच्या उभारणीमागील मुख्य हेतू होता. संत ज्ञानेश्वरांची पालखी पंढरपूरला जाताना याच घाटाने सासवडला मुक्कामी येते, यावरून या वाटेचे जुने महत्त्व लक्षात येते. हवा स्वच्छ असताना गडावरून पुरंदर, वज्रगड व जेजुरीचा परिसर दिसतो.

नाव

मल्हारी हे जेजुरीच्या खंडोबाचे एक नाव आहे. जेजुरी याच तालुक्यात असून गडाच्या बालेकिल्ल्यातही खंडोबाचे मंदिर आहे. मल्हारगड हे नाव या दैवताशी निगडित आहे.

इतिहास

गडाची उभारणी भिवराव यशवंत पानसे व कृष्णाजी माधवराव पानसे यांनी केली. पानसे घराण्याकडे पेशव्यांच्या तोफखान्याची जबाबदारी होती. सोनोरी हे या घराण्याचे गाव असून तेथे बुरूज असलेला पानसे यांचा वाडा आजही आहे. घराण्याचे ठाणे पायथ्याशी आणि लष्करी चौकी माथ्यावर, अशी ही योजना होती.

गड बांधला गेला तो काळ नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीचा होता. मराठी सत्ता तेव्हा उत्तरेत दूरवर पसरली होती आणि युद्धाची पद्धत बदलत होती. कवायती फौज व तोफखाना यांना महत्त्व येत होते. इ.स. १७६० मधील उदगीरच्या लढाईत व इ.स. १७६१ मधील पानिपतच्या तिसऱ्या लढाईत इब्राहिमखान गारदी याच्या तोफा व कवायती पलटणी मराठ्यांच्या बाजूने लढल्या. अशा काळात तोफखान्याच्या सरदारांनीच एक डोंगरी किल्ला बांधावा, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. तोफांपुढे डोंगरी किल्ल्याची मर्यादा काय असते, हे याच परिसरात पूर्वी दिसले होते. इ.स. १६६५ मध्ये मोगल फौजेने वज्रगड जिंकून तेथून पुरंदरवर तोफांचा मारा केला होता. तथापि मल्हारगडाचा आकार पाहिला म्हणजे ही विसंगती दूर होते. दीर्घ वेढा सोसण्याइतका विस्तार या गडाला नाही. राजधानीच्या वाटेवरील पहारा आणि आसपासच्या मुलखाचा बंदोबस्त या कामांना मात्र तो पुरेसा होता.

थोरले माधवराव पेशवे इ.स. १७७१-७२ च्या सुमारास या गडावर येऊन गेल्याचे उल्लेख आढळतात. इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला. त्या वर्षीच्या मोहिमेत सिंहगड व रायगड हे बलाढ्य किल्लेही इंग्रजांच्या तोफांपुढे टिकले नाहीत. त्यानंतर लहान डोंगरी किल्ल्यांचे लष्करी प्रयोजन संपले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे उमाजी नाईक व वासुदेव बळवंत फडके यांनी या गडाचा आश्रय घेतल्याचे सांगितले जाते. उमाजी नाईक यांचे जन्मगाव भिवडी याच तालुक्यात आहे.

रचना

बाहेरील तटबंदीमुळे गडाला साधारण त्रिकोणी आकार आला आहे. डोंगरमाथ्याच्या कडेने तट फिरवल्यामुळे माथ्याचा आकारच गडाचा आकार झाला. तटाच्या कोपऱ्यांवर व वळणांवर बुरूज आहेत. तटापेक्षा पुढे आलेल्या बुरुजावरून तटाला भिडलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता येतो. म्हणून अशा जागी बुरूज घातले जातात. मुख्य दरवाज्याशिवाय तटात एक लहान चोरदरवाजाही आहे. संकटकाळी बाहेर पडणे किंवा निरोप पाठवणे यासाठी अशा वाटांचा उपयोग होत असे.

बाहेरील तटाच्या आत साधारण चौकोनी बालेकिल्ला असून त्याला स्वतंत्र तट आहे. बाहेरचा तट पडला तरी आतील शिबंदीला दुसरा आडोसा मिळावा, हा या दुहेरी रचनेचा उद्देश असतो. बालेकिल्ल्यात खंडोबा व महादेव यांची दोन लहान मंदिरे शेजारीशेजारी आहेत. महादेवाचे मंदिर दोहोंत मोठे आहे. वाड्याचे मात्र जोते व भिंतींचे अवशेष तेवढे उरले आहेत.

गडावर विहीर व तळे आहे. हा परिसर पर्जन्यछायेकडील असल्याने येथे पाऊस बेताचा पडतो. डोंगरी किल्ल्यावर किती माणसे किती दिवस राहू शकतील, हे बहुधा पाण्याच्या साठ्यावरच ठरते. त्यामुळे गडाच्या बांधकामात पाण्याच्या या जागांचे महत्त्व तटबंदीइतकेच होते.

सद्यस्थिती

तटबंदीचा बराच भाग उभा असला तरी काही ठिकाणी दगड निखळले आहेत. दगडांच्या सांध्यांत रुजलेली झाडेझुडपे वाढली की त्यांची मुळे चिरे सरकवतात. त्या फटींतून पावसाचे पाणी आत शिरते आणि तटाचा गाभा पोकळ होऊन दर्शनी भाग कोसळतो. मराठ्यांच्या दुर्गबांधणीचा शेवटचा टप्पा अभ्यासण्यासाठी मल्हारगड महत्त्वाचा आहे. नंतरची मोठी बांधकामे त्यावर न झाल्याने अठराव्या शतकातील आराखडा येथे फारशी सरमिसळ न होता पाहता येतो. ढासळलेले चिरे जागेवरून हलवले गेले, तर हा पुरावा पुन्हा जुळवणे कठीण होईल.

जाण्याचा मार्ग

सासवडहून सोनोरी सुमारे ६ किलोमीटरवर आहे. गावातून पायवाटेने गड चढता येतो. दिवे घाट चढून आल्यावर झेंडेवाडीकडूनही गडावर जाणारी वाट आहे. चढण अवघड नाही. मात्र वाटेवर सावली कमी असल्याने उन्हाळ्यात पिण्याचे पाणी सोबत ठेवणे आवश्यक आहे. सोनोरीतील पानसे यांचा वाडा व गावातील जुनी मंदिरे गडासोबत पाहिल्यास या ठाण्याची पूर्ण कल्पना येते.