ड्रायव्हरची युनियन आणि मालकाची युनियन

ट्रक ड्रायव्हरने युनियनमध्ये जावे की आपले आपण स्वतंत्रपणे कमवावे, हा प्रश्न कोल्हापुरात आमच्या अभ्यासवर्गात पुन्हा पुन्हा निघतो. विचारणारी मुले बहुतेक ड्रायव्हरांच्याच घरची असतात. मीही त्याच घरातला. माझ्या वडिलांनी दुसऱ्याच्या ट्रकवर बावीस वर्षे काढली. मार्केट यार्डातून गुजरातकडे गूळ, शिरोलीच्या फाउंड्रीतून पुण्याकडे कास्टिंग, हंगामात कारखान्याला ऊस. मालकी मात्र एका चाकाचीही नव्हती. म्हणून या प्रश्नाकडे मला परीक्षेतला प्रश्न म्हणून पाहता येत नाही. तरीही तो विचारानेच सोडवायला हवा.

आधी 'स्वतंत्र' हा शब्द घेऊ. आपल्या समाजातील माणसाला तो का प्रिय वाटतो, हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही कार्यकर्त्याने ड्रायव्हरपुढे भाषण करू नये. ज्याच्या आज्या-पणज्याने वतनाच्या नावाखाली गावाची फुकटची चाकरी केली, त्याला गाव सोडून रस्त्याला लागणे हीच सुटका होती. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतनाची ही वेठ मोडली. मुंबई राज्यात कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. महाराजांनी अस्पृश्य माणसांना माहूत आणि कोचमन नेमले, तेव्हा हत्तीचा अंकुश आणि घोड्याचा लगाम प्रथमच त्यांच्या हाती आला. स्टीअरिंग हे त्या लगामाचेच पुढचे रूप आहे. गाडीत बसलेल्या माणसाला वाटेत कोणी 'कुणाचा रे तू?' असे विचारत नाही. ही गोष्ट लहान नाही.

परंतु रस्त्यावरचे स्वातंत्र्य आणि धंद्यातले स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला आपण स्वतंत्र ड्रायव्हर म्हणतो, तो तीन प्रकारचा असतो. पहिला खेपेवर किंवा महिन्यावर दुसऱ्याची गाडी चालवणारा. त्याला नेमणुकीचे पत्र क्वचितच मिळते. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे, एवढेच त्याचे स्वातंत्र्य. दुसरा कर्जाने एक गाडी घेऊन स्वतःच ती चालवणारा. तो कागदावर मालक असतो. पण भाडे ट्रान्सपोर्टवाला ठरवतो, डिझेलचा भाव कंपनी ठरवते आणि हप्त्याची तारीख फायनान्सवाला ठरवतो. परतीचे भाडे मिळाले नाही तर दोन दिवस नाक्यावर पडून राहण्याचा निर्णय तेवढा त्याचा स्वतःचा. तिसरा एकाच कंपनीला किंवा कारखान्याला गाडी लावलेला. त्याला काम नियमित मिळते, पण दर वाढवून मागितला की दुसऱ्या दिवशी त्याची जागा दुसरी गाडी घेते. म्हणजे तिघांचेही स्वातंत्र्य एकेकट्याने सौदा करण्याचे आहे, आणि एकेकट्याच्या सौद्यात ज्याची गरज तातडीची तो हरतो.

आता 'युनियन' हा शब्द. ट्रकच्या धंद्यात ज्या संघटनेला लोक सर्रास युनियन म्हणतात, ती पुष्कळदा मालकांची असते. कोल्हापुरातील लॉरी मालकांची संघटना याचे जवळचे उदाहरण आहे. माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च, ज्याला आपल्याकडे वाराई म्हणतात, तो गाडीवाल्याने का सोसावा, ही तिची मागणी. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा त्यातून आली. मागणी न्याय्य आहे, आणि एका गाडीच्या मालक-ड्रायव्हरला तिचा थेट फायदा आहे. पण वाराई वाचली म्हणून पगारी ड्रायव्हरचा भत्ता आपोआप वाढत नाही. एका मालकाने माझ्या वडिलांच्या पगारातून फुटलेल्या टायरचे पैसे कापले होते. अशा तक्रारीसाठी मालकांच्या संघटनेत खिडकी नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही खुळी आहे.

हा फरक देशाने २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पाहिला. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातात माणूस दगावल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणाच्या मृत्यूला दोन वर्षे होती. जमाव मारील म्हणून पळणारा ड्रायव्हर आणि बेदरकार पळणारा ड्रायव्हर यांत कायद्याने भेद कसा करायचा, असा साधा सवाल होता. ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. २ जानेवारीला केंद्रीय गृह सचिवांनी चर्चा केली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी. ही १९३६ साली स्थापन झालेली वाहतूकदारांची, म्हणजे प्रामुख्याने मालकांची संघटना. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. विजय ड्रायव्हरांच्या चाकबंदीने मिळाला. टेबलापाशी खुर्ची मात्र मालकांच्या संघटनेला मिळाली. त्या टेबलावर कामाचे तास, झोप, विमा हे प्रश्न मांडायला ड्रायव्हरचा स्वतःचा माणूस नव्हता.

मग एका गाडीच्या मालकांनी एकत्र येण्यात अर्थ नाही काय? आहे, आणि मोठा आहे. हिमाचल प्रदेशात बरमाणा आणि दाडलाघाट येथील सिमेंट कारखाने डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीच्या दराच्या वादावरून बंद झाले. तेथील ट्रक ऑपरेटरांच्या संघटना बलाढ्य कंपनीपुढे सदुसष्ट दिवस टिकल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली. दर पूर्वीपेक्षा कमी झाले, पण कंपनी मागत होती तितके खाली गेले नाहीत. एकेकट्या गाडीवाल्याला तर कंपनीने चर्चेलाही बोलावले नसते.

कायद्याचे काय, असे विद्यार्थी विचारतात. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास त्यात लिहिलेले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे असे म्हटले आहे, हे चांगले. पण मोटार परिवहनाच्या आस्थापनेसाठी तिची मर्यादा दहा कामगारांची आहे. आपल्या जिल्ह्यात दोन-तीन गाड्यांचे मालक गल्लोगल्ली आहेत. त्यांचा ड्रायव्हर पाचाच्या उंबरठ्याबाहेर होता, तो आता दहाच्या बाहेर आहे.

यावर हमखास एक आक्षेप येतो: ड्रायव्हरचा मालक ठरलेला नाही, तो आज इथे उद्या तिथे, त्याची संघटना होणार कशी? याचे उत्तर ड्रायव्हरच्या गाडीवरच उभे आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालालाही एक मालक नव्हता. तरी अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कामगार, मालक आणि सरकार यांचे मंडळ. त्याच्याकडे हमालाची नोंद. मजुरीवर व्यापाऱ्याकडून वेगळी लेव्ही आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा. हमाल दहा व्यापाऱ्यांकडे राबला तरी त्याची नोंद एका जागी राहते. ज्या ट्रकमध्ये नोंदलेला माथाडी माल भरतो, त्याच ट्रकचा ड्रायव्हर कोणत्याच वहीत नसतो. ड्रायव्हरसाठी असेच मंडळ का नको, ही मागणी मालकांची संघटना कधी करणार नाही. ती ड्रायव्हरलाच करावी लागेल.

एक गोष्ट मात्र या पानांवर स्पष्ट लिहिली पाहिजे. युनियन झाली म्हणजे जात गेली, असे समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांसोबत संपही घडवला. म्हणजे त्यांनी युनियन टाकली नाही आणि जातीचा प्रश्न युनियनच्या दारात सोडूनही दिला नाही. आपल्या ड्रायव्हरनेही हेच करावे. कर्जाला जामीन कोणाला मिळतो, चांगले भाडे आधी कोणाच्या गाडीला सांगितले जाते, संघटनेच्या कार्यकारिणीत कोणती आडनावे आहेत, हे प्रश्न सभासद होऊन सभेत विचारायचे असतात.

तेव्हा माझे उत्तर असे. पगारी ड्रायव्हरचा फायदा ड्रायव्हरांच्याच युनियनमध्ये आहे. मालकांच्या संघटनेमागे नुसती गर्दी करण्यात नाही. एका गाडीच्या मालकाचा फायदा दर ठरवणाऱ्या संघटनेत, आणि त्याहून पुढे सहकारात आहे. या जिल्ह्याने ऊस आणि दूध सहकारात आणले. भाडे ठरवणे, टायर-डिझेल घेणे आणि परतीचा माल शोधणे हीच कामे तेवढी एकट्याने का करावीत? आणि ज्याने कालपर्यंत दुसऱ्याची गाडी चालवली, त्याने स्वतःची गाडी घेतल्यावर आपल्या क्लीनरला नेमणूकपत्र आणि झोपेचे तास द्यावेत. संघटनेची खरी परीक्षा तिथेच होईल.