पावसाचा हिशेब मांडणारा गणिती



लागणीच्या नोंदी घेताना आम्हांला हटकून विचारणा होते, "साहेब, औंदा पाऊस कसा?" याच प्रश्नापायी एका माणसाने वीस वर्षे आकडेमोड केली. ते म्हणजे सर गिल्बर्ट वॉकर.

केंब्रिजचे हे गणिती १९०४ साली भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. १८९९-१९०० चा दुष्काळ लोक विसरले नव्हते. संगणक नव्हते; कारकुनांकडून हाताने गणिते करवून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे व पावसाचे आकडे ताडून पाहिले. त्यातून दिसले की, पॅसिफिक महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही होते. जणू तराजूची दोन पारडी!

तरीही १९२४ साली ते मायदेशी परतले तेव्हा पावसाचा खात्रीचा अंदाज काही हाती आला नव्हता. या पारड्यांचा समुद्राशी असलेला संबंध १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी उलगडला. पूर्व पॅसिफिकचे पाणी तापले, म्हणजे 'एल निनो' आला, की वाऱ्यांचे चक्र बिघडते. त्या चक्राला त्यांनी वॉकर यांचेच नाव दिले.

एल निनो आला म्हणजे दुष्काळच, असे मात्र नाही. १९९७ साली तो जबर होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली तो बेताचा होता, तरी दुष्काळ पडला. शिवाय अंदाज देशाचा असतो, आपल्या शिवाराचा नव्हे.

सबब, अंदाज जरूर ऐका; पण आडसालीचे क्षेत्र विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी टिकते ते पाहूनच धरा.