तेलाची धार आणि मिश्रणाचे गणित

तेल विकत घेताना त्याची धार पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पळीतून ओतलेले तेल अखंड, जाडसर धारेने पडले की ग्राहकाचे समाधान होते. पातळ धार दिसली की भेसळीची शंका येते. एकाच घाण्याचे तेल डोळ्यांसमोर निघत होते तेव्हा या परीक्षेला काही अर्थ असेलही. दोन तेलांची मिश्रणे राजरोस विकली जात असताना मात्र ती कितपत टिकते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

द्रवाच्या वाहण्याला त्याच्या अंतर्गत घर्षणामुळे जो विरोध होतो, त्यास श्यानता म्हणतात. ती सेंटिपॉइज या एककात मोजतात. रक्तप्रवाहाचा अभ्यास करणारे फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या नावावरून हे एकक आले. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज असते. नेहमीच्या हवामानात करडई व सूर्यफूल तेलांची श्यानता ५० सेंटिपॉइजच्या आसपास, तर शेंगदाणा तेलाची त्याहून थोडी अधिक भरते. एरंडेल मात्र सहाशेच्या पुढे जाते, कारण त्यातील रिसिनोलेइक आम्लाचे हायड्रॉक्सिल गट शेजारच्या रेणूंना धरून ठेवतात. करडई, जवस यांच्या तेलांत असंतृप्त मेदाम्ले अधिक असतात. त्यांच्या साखळ्यांना द्विबंधापाशी बाक येतो, त्यामुळे रेणू दाटीने बसत नाहीत आणि तेल पातळ राहते.

दोन तेले एकत्र केली असता त्यांची श्यानता साध्या सरासरीने येईल असे वाटते, परंतु तसे होत नाही. आऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार सरासरी श्यानतेच्या लॉगॅरिथमची घ्यावी लागते. उदाहरणार्थ, १०० आणि २५ सेंटिपॉइजचे दोन द्रव समभाग मिसळल्यास उत्तर साडेबासष्ट न येता ५० च्या जवळपास येते. पातळ घटकाचा प्रभाव असा त्याच्या वाट्यापेक्षा अधिक पडतो.

आता हेच गणित बाजारात लावून पाहू. शेंगदाणा तेल ६० आणि सूर्यफूल तेल ५० सेंटिपॉइजचे धरले, तर ८०:२० मिश्रण सुमारे ५८ आणि ५०:५० मिश्रण सुमारे ५५ भरेल. म्हणजे महाग तेलाचा वाटा एवढा घटूनही फरक जेमतेम पाच टक्क्यांचा! उलट तेल एका अंशाने तापले तरी श्यानता तीन-चार टक्क्यांनी उतरते. सकाळच्या आणि दुपारच्या धारेतच याहून अधिक अंतर पडते. २० अंशांवरून ६० अंशांवर नेलेल्या तेलाची घनता अवघी तीन टक्के घटते, पण श्यानता एक-चतुर्थांशाच्या आसपास येते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येईल. दहा मिलिलिटरच्या पिपेटमधून प्रत्येक तेल रिकामे होण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. पिपेट तीच हवी आणि तपमानही तेच हवे. तेलाची बाटली काही वेळ पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापमापक लावला की पुरे. पिपेटच्या टोकाला थोडा जरी कचरा अडकला तरी सारे आकडे बिघडतात, कारण नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. थंडीच्या दिवसांत पाम तेलाचे मिश्रण घेतल्यास आणखी एक गंमत दिसेल. त्यात मेदाचे स्फटिक धरू लागले की ते साध्या द्रवासारखे वाहत नाही. ढवळल्यावर सैल होते.

धार पाहून जे कळत नाही ते जिवावरही बेतू शकते. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. त्यातील सँग्विनारिनमुळे हजारो लोकांच्या अंगावर सूज आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. ते तेल पळीतून मोहरीच्या तेलासारखेच पडत होते. अशी भेसळ रासायनिक चाचणीनेच सापडते.

अधिकृत मिश्र तेलात प्रत्येक तेलाचा वाटा किमान २० टक्के असावा लागतो आणि वेष्टनावर तेलांची नावे व प्रमाण छापावे लागते. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीस नियमांनी मनाई आहे. तरीही आठवडी बाजारात टीप उघडून तेल मोजून देणारे दुकानदार दिसतात. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी तिथे धार न पाहता वेष्टन मागावे, आणि संशय आल्यास अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडून नमुना घेववावा. शालेय पोषण आहाराचे तेल उतरवून घेताना मुख्याध्यापकांनीही हेच करावे.

एका ठिकाणी मात्र दाटपणाची खूण उपयोगी पडते. तेच तेल तळणीसाठी पुनःपुन्हा तापविले की त्याचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन ते घट्ट, काळपट होते आणि वड्यावरून नीट निथळत नाही. अशा तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.