वेलस्ली घराणें आणि वैनगंगाकांठची रयत

आयर्लंड हें इंग्लंडानें जिंकलेलें राष्ट्र. आणि त्याच आयर्लंडांतील एका घराण्यानें आमच्या राज्यांच्या गळ्यांत तैनाती फौजेचा फांस अडकवावा, ही गोष्ट वरवर पाहणारास चमत्कारिक वाटेल. परंतु तेथील रयत बहुतेक कॅथलिक, आणि वेलस्ली घराणें त्या रयतेवर बसविलेल्या प्रॉटेस्टंट जमीनदारांपैकीं. वतन आयर्लंडांत, नजर लंडनच्या दरबाराकडे, असा हा वर्ग होता.

ह्या घराण्यांतील रिचर्ड १७९८ सालीं गव्हर्नर जनरल होऊन आला. धाकटा भाऊ आर्थर सैन्यांत होताच. दुसरा भाऊ हेन्री ह्यास अयोध्येच्या नबाबाकडून घेतलेल्या मुलखावर नेमिलें. आमच्याकडे ह्यास वशिला म्हणतात. टिपूचें राज्य बुडविल्याबद्दल १७९९ त रिचर्डास मार्क्विस ही पदवी मिळाली, पण ती आयरिश सरदारांतली. तेव्हां हा सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा आपल्या पदरीं पडला, असें त्यानें चिडून लिहिलें. जन्मभूमीविषयीं त्याचा आदर एवढा!

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. पुढच्याच वर्षीं आर्थरनें २३ सप्टेंबरास असई, २९ नोव्हेंबरास अडगांव, व १५ डिसेंबरास गाविलगड घेतला. तिकडे पांच भावांचें सूत एक, इकडे शिंदे-भोंसले लढत असतां होळकर स्वस्थ बसले. १७ डिसेंबरास देवगांवचा तह होऊन दुसऱ्या रघूजी भोंसल्यांचे हातून कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेलें. सुमारें एक तृतीयांश मुलूख गेला. ती तूट उरलेल्या मुलखांतून भरून काढावी, असें रघूजींनीं ठरविलें. सारा वाढला, नवे कर बसले. पगार थकलेले शिपाई गांवें लुटूं लागले, आणि मागून पेंढारी आले. भंडाऱ्याकडचा, पवनी-कोंढ्याचा हा वैनगंगाकांठ भोंसल्यांकडेच राहिला होता. म्हणजे असईचा खर्च ज्यांनीं असई पाहिली नाहीं अशा शेतकऱ्यांच्या व वाण्यांच्या घरांतून निघाला. दोष एकट्या परक्याचा म्हणून आम्हांस सुटतां यावयाचें नाहीं.

लंडनांत काय झालें? रिचर्डास १८०५ त परत बोलाविलें. त्याच्या हिंदुस्थानांतील कारभारावर पार्लमेंटांत आरोप आले. बचावासाठीं आर्थर १८०६ त कॉमन्स सभेंत शिरला, आणि अखेरीस आरोप फेंटाळले गेले. १८०९ त रिचर्ड परराष्ट्रमंत्री, १८२१ त आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट झाला. वेलिंग्टनचा ड्यूक झालेला आर्थर १८२८ त मुख्य प्रधान झाला. त्याच वर्षीं क्लेअर परगण्यांतील मतदारांनीं ओकॉनेल ह्या कॅथलिक पुढाऱ्यास निवडून दिलें. वस्तुतः कॅथलिकास त्या सभेंत बसण्याची मनाई होती. ज्यानें आमच्या दौलती हटविल्या तो सेनापति ह्या निःशस्त्र मतांपुढें नमला, व यादवीच्या भीतीनें १८२९ त त्यानें कॅथलिकांस पार्लमेंटाचें दार उघडून दिलें. नागपूरचें राज्य १८५४ त खालसा झालें, तेव्हां वैनगंगेच्या कांठीं मत विचारण्याची रीत नव्हती. भोंसल्यांच्या अमलांतही ती नव्हतीच.